कुपी स्वस्त झाली. देखरेख कोणी करायची?

कर्करोगाची औषधे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली पाहिजेत, ही मागणी लोकाभिमुख चळवळींनी गेली अनेक वर्षे लावून धरली आहे. ती रास्त होती आणि आजही रास्त आहे. परंतु मागणीचा काही भाग पदरात पडला म्हणजे उरलेला भाग दृष्टीआड होण्याचा धोका असतो. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या बाबतीत तसे घडू लागले आहे. औषधाच्या किमतीबद्दल आपण बोललो, लढलो आणि काही प्रमाणात जिंकलोही. हे औषध ज्या देखरेखीखाली द्यावे लागते तिच्याबद्दल मात्र आपण जवळजवळ काहीच बोललो नाही. औषध कोणाला द्यावे, कधी थांबवावे, हा निर्णय डॉक्टरांचा. त्यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पडू नये. मात्र त्या निर्णयासाठी लागणाऱ्या तपासण्यांचा खर्च कोणी सोसायचा आणि त्या झाल्या की नाहीत याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न पूर्णपणे सामाजिक व आर्थिक आहे. त्याच्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

प्रथम या औषधाचे स्वरूप थोडक्यात पाहू. स्तनाच्या कर्करोगाच्या दर पाच-सहा रुग्णांपैकी सुमारे एकीच्या गाठीतील पेशींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. असा रोग अधिक वेगाने पसरतो. ट्रॅस्टुझुमॅब हे प्रयोगशाळेत तयार केलेले प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, नेमके याच प्रथिनाला जाऊन चिकटते व पेशीची वाढ रोखते. अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. रोग पुढच्या अवस्थेत गेलेल्या रुग्णांसाठी ते प्रथम वापरले गेले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनी असे दाखविले की, रोग प्राथमिक अवस्थेत असताना शस्त्रक्रियेनंतर हे औषध दिल्यास तो उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. सबब हे श्रीमंतांच्या चैनीचे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले आणि भारताच्या राष्ट्रीय सूचीतही त्याच वर्षी त्याचा समावेश झाला.

किमतीचा इतिहास कार्यकर्त्यांना ठाऊक असेल. तरी त्याची उजळणी केलेली बरी. एके काळी या औषधाच्या एका कुपीला लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २००८ सालच्या नोंदींचा जो अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला, त्यानुसार ज्या स्त्रियांना या प्रकारचे औषध लागू पडले असते त्यांपैकी दहातील एकीलाही ते मिळत नव्हते. जानेवारी २०१३ मध्ये या औषधासाठी पेटंट कायद्यातील कलम ९२ अन्वये सक्तीचा परवाना देण्याचा विचार शासकीय पातळीवर सुरू झाला. रुग्णांच्या संघटनांनीही त्यासाठी आवाज उठविला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोश कंपनीने भारतातील पेटंटचा आग्रह सोडला आणि नोव्हेंबरमध्ये बायोकॉन-मायलान यांच्या समधर्मी औषधाला परवानगी मिळाली. २०१४ च्या आरंभी ते ४४० मिलिग्रॅमच्या कुपीला ५७,५०० रुपये या दराने बाजारात आले. पुढे इतर कंपन्याही उतरल्या आणि औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली कमाल किमतीचे बंधनही आले. सक्तीचा परवाना प्रत्यक्षात निघाला नाही. पण तो निघू शकतो, या शक्यतेला आणि तिच्यामागच्या लोकमताला या साऱ्यात वाटा होता हे नाकारता येणार नाही.

येथवरची कथा समाधानाची आहे. आता दुसरी बाजू पाहू.

या औषधाचा एक परिणाम हृदयावर होतो. अँथ्रासायक्लिन वर्गातील केमोथेरपीच्या औषधांबरोबर ते एकत्र दिले असता २७ टक्के रुग्णांच्या हृदयाचे कार्य बिघडले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासातच दिसून आले होते. म्हणून ही दोन्ही औषधे आता सहसा एकाच वेळी न देता एकामागून एक देतात. तरीसुद्धा अशा क्रमाने औषध दिलेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ४ टक्के स्त्रियांना तीव्र स्वरूपाचा हृदयविकार झाला. उतारवय, उच्च रक्तदाब, आधी झालेली अँथ्रासायक्लिनची केमोथेरपी यांमुळे हा धोका वाढतो. दिलासा एवढाच की, बिघाड वेळीच ध्यानात आला आणि औषध थांबविले, तर बहुतेकींचे हृदय पुन्हा सावरते. सारा भर ‘वेळीच’ या शब्दावर आहे. आरंभी हा बिघाड रुग्णाला जाणवतच नाही. दम लागू लागेल, पाय सुजतील, तोवर बराच काळ हातचा गेलेला असतो. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी एकदा व नंतर दर तीन महिन्यांनी टू-डी इको तपासणी करावी, असा दंडक आहे.

या तपासणीत हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर ढकलतो हे मोजतात. एखाद्या स्त्रीचा आरंभीचा आकडा ६८ होता आणि तीन महिन्यांनी तो ५२ झाला असे समजा. केवळ दुसरा आकडा पाहणाऱ्याला तो सर्वसाधारण वाटेल. पण १६ अंकांची ही घसरण म्हणजे, अमेरिकेतील औषधपत्रकाप्रमाणे, किमान चार आठवडे औषध थांबवून पुन्हा तपासणी करण्याची खूण होय. पहिला इको झालाच नसेल, तर दुसरा बोलणार कशाशी ताडून? आणि पहिला एका गावी, दुसरा भलत्याच ठिकाणी, कागद मध्येच हरवलेला, अशी स्थिती असेल तर ताडणी करणार कोण?

हृदयाचीच गोष्ट नव्हे. औषध द्यावयाचे की नाही हे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवर ठरते. ती चुकली तर ज्या स्त्रीला औषधाचा उपयोगच नाही तिच्या हृदयाला उगाच धोका आणि जिला उपयोग आहे ती वंचित. २००७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी मार्गदर्शक नियम ठरविले, तेव्हा हर-टूच्या सुमारे एक-पंचमांश तपासण्या सदोष असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. तपासणी बिघडण्याचे एक कारण अगदी साधे आहे. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ तासाभरात योग्य त्या फॉर्मेलिनमध्ये पडली पाहिजे आणि किमान सहा तास व कमाल बहात्तर तास त्यात राहिली पाहिजे. तालुक्याच्या गावी झालेल्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकाच्या हाती बरणी देऊन ‘शहरात नेऊन द्या’ असे सांगितले जाते, तेथे या तासांचा हिशेब कोण ठेवतो? शिवाय ‘दोन अधिक’ असा अनिश्चित निष्कर्ष आला तर ‘फिश’ नावाची दुसरी, अधिक खर्चाची तपासणी करावी लागते. ती परवडत नाही म्हणून पुष्कळदा निर्णय अंदाजावर सोडला जातो.

मात्रेचेही तसेच आहे. तीन आठवड्यांच्या क्रमात पहिली मात्रा वजनाच्या दर किलोला ८ मिलिग्रॅम व पुढची प्रत्येक ६ मिलिग्रॅम. पहिली मात्रा दीड तासात, शिरेतून, हळूहळू द्यावयाची. त्या वेळी दहापैकी सुमारे चौघींना थंडी-ताप येतो आणि क्वचित जिवावर बेतेल अशी प्रतिक्रियाही उमटते. म्हणून नंतरही काही तास परिचारिकेचे लक्ष असावे लागते. एखादी मात्रा आठवड्याहून अधिक लांबली तर पुन्हा पहिल्यासारखी मोठी मात्रा द्यावी लागते. म्हणजे मजुरी बुडेल म्हणून किंवा एसटी चुकली म्हणून लांबलेली खेप औषधाचा खर्चही वाढविते. हे औषध ग्लुकोजच्या सलाईनमध्ये मिसळावयाचे नाही आणि कुपी जोराने हलवावयाची नाही, कारण त्यातील प्रथिन नासते. गर्भावर त्याचा दुष्परिणाम होतो. म्हणून उपचार चालू असताना व त्यानंतर सात महिने गर्भधारणा टाळावी, हे तरुण स्त्रीला कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

त्यात आता नावांच्या सारखेपणाची भर पडली आहे. ट्रॅस्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन ही दोन वेगळी औषधे. त्यांत प्रतिपिंडाला केमोथेरपीचे जहाल द्रव्य जोडलेले असते. पहिल्याची मात्रा दर किलोला ३.६ मिलिग्रॅम, त्याच्या जागी अनवधानाने साध्या ट्रॅस्टुझुमॅबची मात्रा लावली गेली तर रुग्णाच्या शरीरात विष जाईल. हा घोटाळा होऊ नये म्हणून अमेरिकेतील औषध प्रशासनाने २०१३ साली जाहीर इशारा दिला आणि नावापुढे वेगळा उपसर्ग लावला. दुसऱ्याने फुप्फुसांना सूज येऊ शकते; तेथे साधा वाटणारा खोकलाही दुर्लक्षून चालत नाही. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या दुसऱ्या औषधावरील सीमाशुल्क माफ करण्यात आले. ते योग्यच झाले. मात्र त्याबरोबर ते देणाऱ्या रुग्णालयांनी कोणती दक्षता घ्यावी व तिच्यासाठी पैसा कोठून यावा, याविषयी अर्थसंकल्पाने काही सांगितले नाही.

येथे अर्थशास्त्रातील एक प्राथमिक कल्पना उपयोगी पडते. काही वस्तू परस्परपूरक असतात. एकीवाचून दुसरीचा उपयोग अपुरा राहतो. दिवा आणि तेल यांचे उदाहरण आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात देतो. ट्रॅस्टुझुमॅबची कुपी आणि इकोची तपासणी या अशाच पूरक वस्तू आहेत. पण आपला किंमत नियंत्रणाचा कायदा कुपी ओळखतो, इको ओळखत नाही. तो औषधाच्या कमाल किमतीची चर्चा करतो. तपासणीचे शुल्क, बिछान्याचे भाडे, परिचारिकेचा वेळ हे त्याच्या कक्षेबाहेरचे विषय आहेत. ज्या वस्तूत नफ्याचा वाटा मोठा तिचा विक्रेता गावोगाव पोहोचतो. ज्या सेवेत नफा थोडा आणि जबाबदारी मोठी, ती शहराच्या हद्दीतच थबकते. यात कोणा एका डॉक्टरची वा कंपनीची दुष्टबुद्धी शोधण्याचे कारण नाही. बाजार कुपी मोजतो. न झालेला हृदयविकार त्याच्या खातेवहीत कोठेच येत नाही. न घडलेल्या अनर्थाची किंमत मोजणे हे समाजाचे, म्हणजेच सार्वजनिक व्यवस्थेचे काम आहे.

आकडे घेऊन पाहू. साठ किलो वजनाच्या स्त्रीला वर्षभरात अठरा मात्रा द्यावयाच्या तर पहिली ४८० मिलिग्रॅमची व पुढच्या सतरा प्रत्येकी ३६० च्या. दर वेळी कुपीत उरलेले औषध टाकून दिले तर ४४० मिलिग्रॅमच्या १९ कुप्या लागतील. सोबत मिळणाऱ्या जंतुरोधक पाण्यात विरघळविलेले औषध २ ते ८ अंश तापमानात २८ दिवस टिकते. ते नीट नाव-तारीख लावून ठेवले व त्याच रुग्णाच्या पुढच्या मात्रेसाठी वापरले तर १६ कुप्यांत भागते. म्हणजे एका चांगल्या शीतकपाटाने आणि एका दक्ष औषधनिर्मात्याने एका रुग्णामागे तीन कुप्या वाचतात. त्याच वर्षात इको लागतात सुमारे पाच. वाचलेल्या तीन कुप्यांच्या पैशात पाच इको होऊन वर पुष्कळ रक्कम उरेल. तेव्हा ‘देखरेख परवडत नाही’ हे विधान हिशेबात टिकत नाही. देखरेख नसल्यामुळेच पैसा वाया जातो.

उरलेल्या आणि रिकाम्या कुप्यांचा हिशेब आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी बनावट कर्करोग-औषधांची एक टोळी उघडकीस आणली. रुग्णालयांतून नामांकित, महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवावयाच्या, त्यांत बुरशीवरचे औषध भरावयाचे आणि त्या गरजू रुग्णांना विकावयाच्या, असा हा धंदा असल्याचे पोलिसांनी सांगितले. पकडलेल्यांत रुग्णालयांतील कर्मचारीही होते. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २०१४ साली इटलीत चोरीला गेलेल्या ट्रॅस्टुझुमॅबच्या कुप्या भेसळ होऊन युरोपातील इतर देशांत पोहोचल्या होत्या. प्रत्येक कुपीचा बॅच क्रमांक रुग्णाच्या कागदावर लिहिणे आणि रिकामी कुपी नोंद करून नष्ट करणे, या दोन साध्या कृतींनी असल्या धंद्याचा कच्चा मालच बंद होतो. वेगवेगळ्या कंपन्यांची समधर्मी औषधे बाजारात असताना कोणत्या औषधाने कोणाला काय झाले हे कळण्यासाठीही तोच क्रमांक लागतो.

औषधाच्या मुदतीविषयीही एक मुद्दा मांडला पाहिजे. सध्याचा प्रघात एक वर्षाचा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे चार हजार स्त्रियांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सेफोन’ या अभ्यासात सहा महिने आणि बारा महिने अशी तुलना करण्यात आली. चार वर्षांनंतर रोग न उलटता जगलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८९.४ व ८९.८ टक्के होते. हृदयाच्या त्रासामुळे औषध अर्ध्यावर सोडावे लागलेल्यांचे प्रमाण मात्र सहा महिन्यांच्या गटात ३ टक्के, तर बारा महिन्यांच्या गटात ८ टक्के होते. फ्रान्समधील अभ्यासाला सहा महिने तितकेच पुरेसे असल्याचे सिद्ध करता आले नाही. म्हणून वर्षाचा प्रघात कायम आहे आणि कोणाही भगिनीने हे वाचून आपले औषध मध्येच थांबवू नये. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ब्रिटनमधील हा अभ्यास सार्वजनिक पैशातून झाला. आपले औषध कमी लागते काय, हे शोधण्यासाठी कोणती कंपनी पैसा घालील? आपल्याच देशातील रुग्णांवर असा अभ्यास सार्वजनिक खर्चाने होणे, हा गरिबांच्या हिताचा प्रश्न आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. ‘तुम्ही तपासण्यांच्या इतक्या अटी घालाल तर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी हे औषध देणेच बंद होईल. आधीच वंचित असलेल्या स्त्रीला तुम्ही सुरक्षिततेच्या नावाखाली पुन्हा वंचित कराल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम गरिबाला दाराबाहेर ठेवण्यासाठी कसे वापरले जातात हे आपण रेशनच्या दुकानापासून पाहत आलो आहोत. म्हणूनच माझे म्हणणे असे की, देखरेख ही रुग्णावर लादलेली अट असू नये. ती व्यवस्थेवर टाकलेले बंधन असावी. इको झाला नाही म्हणून स्त्रीला परत पाठविणे हा अन्याय आहे आणि इको न करताच तिला वर्षभर औषध देत राहणे हाही अन्यायच आहे. दोन्हींतून सुटण्याचा मार्ग एकच: औषधाबरोबर इको देणे शासनाने आपल्यावर बंधनकारक करून घ्यावे.

हे अशक्य नाही. देशातील कर्करोग केंद्रांचे राष्ट्रीय जाळे २०१२ पासून उभे आहे. त्यातील २३ केंद्रांनी एकत्र येऊन ४० औषधांची खरेदी-वाटाघाट केली तेव्हा किमती मोठ्या प्रमाणावर खाली आल्या. एकजुटीने खरेदी केल्यास बाजार नमतो, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. त्या बचतीतून देखरेखीची व्यवस्था उभी राहू शकते.

मागण्या मोजक्या असाव्यात. पहिली, सरकारी आरोग्य योजनांतून हे औषध दिले जाते तेथे औषधाच्या दरातच आरंभीचा व दर तीन महिन्यांचा इको, अनिश्चित निष्कर्षानंतरची फिश तपासणी आणि प्रवासखर्च धरला जावा. दुसरी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात इको करणारा प्रशिक्षित माणूस व यंत्र असावे आणि निष्कर्ष विभागीय केंद्रातील तज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोहोचावा. तिसरी, प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत छापलेले कार्ड असावे. त्यावर वजन, मात्रा, औषधाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक आणि इकोचे आकडे ओळीने लिहिलेले असावेत. चौथी, समधर्मी औषधे बाजारात आल्यानंतर रुग्णांवर होणाऱ्या परिणामांचे जे अभ्यास कंपन्यांना करावे लागतात, त्यांचे निष्कर्ष जनतेसमोर यावेत.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याला करण्यासारखे काम आहे. आपल्या वस्तीत, गावात अशी रुग्ण असेल तर तिच्याकडे जावे. ‘ताई, पहिला इको झाला होता का? त्याचा कागद कोठे आहे? पुढचा कधी आहे?’ एवढे तीन प्रश्न आपुलकीने विचारावेत. दम लागणे, पायांवर सूज, एकाएकी वाढलेले वजन, रात्री उशी उंच करून झोपावे लागणे, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तिला डॉक्टरांकडे न्यावे. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास तो रुग्णाला वा नातेवाइकालाही राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळविता येतो, हे चार जणांना सांगावे. मोर्चाइतकेच हेही चळवळीचे काम आहे.

औषधाचा हक्क म्हणजे कुपीचा हक्क, एवढाच अर्थ आपण आजवर घेतला. त्या हक्कात योग्य निदान, अचूक मात्रा, जागरूक परिचारिका आणि वेळेवरची तपासणी हे सारे येते. कुपीसाठी आपण भांडलो तेव्हा ‘हे तज्ज्ञांचे काम आहे, तुम्ही यात पडू नका’ असे आपल्याला सांगण्यात आले होते. आपण ऐकले नाही, म्हणून किंमत उतरली. या वेळीही ऐकू नये.